आठ डबे कुठून आले?

त्या मंगळवारी आमच्या भागात पाचव्या दिवशी नळ आला होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दोनशे लिटरचा निळा ड्रम मी पाइपखाली लावला होता. आमच्या नळाच्या धारेला तो भरायला बावीस मिनिटं लागतात. त्यातली सात झाली होती, म्हणजे पंधरा हाताशी होती, म्हणून मी निवांतपणे फोन घेतला. हिरामणच्या मुलाचा फोन होता. ‘काका, बाबा गेले,’ एवढंच तो म्हणाला... पुढे मी काय विचारलं, त्याने काय सांगितलं, ते आठवत नाही. शेजारच्यांनी हाक मारली तेव्हा पाणी ड्रमवरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेलं होतं. या घरात आम्हाला एकोणीस वर्षं झाली. माझा ड्रम त्याआधी एकदाही ओसंडलेला नव्हता. हिरामण असता तर गल्लीभर सांगत फिरला असता, ‘धरण मोजणाऱ्याच्या घरी पूर आला, पाहून घ्या!’

याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात त्याच्या शाळेत शोकसभा झाली. तीत सात जण बोलले. त्यांपैकी दोघांना त्याचा विषय भूगोल होता हे माहीत नव्हतं आणि एकाने त्याला ‘ज्ञानाचा अथांग सागर’ म्हटलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. हिरामणने सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. एकोणतीस वर्षं यवतमाळच्या पोरांना त्याने फळ्यावर भरती-ओहोटी काढून शिकवली, तीही अशी की आमची मुलगी पुढे कोकणात गेल्यावर म्हणाली, ‘सरांनी काढलं होतं तसंच आहे.’ शाळेची सहल एकदा किनाऱ्यावर गेली तेव्हाही हा गेला नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाला, ‘पेता येत नाही ते पाणी पाह्याले दोन दिवस कायले घालवू?’ अशा माणसाला सागर म्हणायचं, याला बोलणाऱ्याचा आळस म्हणतात. मला त्या वक्त्याचा राग आला नाही. कीव आली.

हिरामण पुसदकडच्या एका तांड्यावरचा. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव पोचवणारे. आमच्या घरात मात्र तीन पिढ्या कचेरीतली कारकुनी. कॉलेजात वसतिगृहाची खोली दोघांत एक होती आणि वाचनालयाचं कार्डही एकच, कारण दोन कार्डांची अनामत भरायची ऐपत नव्हती. एका कार्डावर एका वेळी एक पुस्तक मिळायचं. त्यातून आमचा नियम निघाला : पुस्तक दोघांनी बरोबर वाचायचं, एक जण वाचेल आणि दुसरा ऐकेल, आणि कोणीही एकट्याने पुढे जायचं नाही. पुस्तकावर तोंडसुख घ्यायलाही मग दोघंही सारख्याच पानावर असायचो. पुढे नोकऱ्या लागल्या, संसार झाले, कार्डं दोन झाली, नियम तोच राहिला. पस्तीस वर्षांत तो मी एकदा मोडला आणि त्याने तीनदा. त्याचे तीनही वेळचे चेहरे माझ्या लक्षात आहेत, कारण पुढचं माहीत असलेल्या माणसाला नवल वाटल्याचं सोंग आणता येत नाही. त्याला तर मुळीच येत नसे.

मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणाची रोजची पातळी, पाऊस आणि उन्हाने उडून गेलेलं पाणी यांच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. ‘जे पाणी हायच नाही ते लिहितं अन् पगार घेतं,’ असं हिरामण माझी ओळख करून देताना सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. बुधवार आणि शनिवार असं आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला साडेसातशे मिली पाणी. त्यात चहा आला, डाळ आली, औषधावरचा घोटही आला. आणि मीठ जवळपास बंद. मिठावर तो हसला. ‘पणज्यानं बैलावर मीठ वाह्यलं अन् मले चिमूटभर नाही. खानदानी धंदा बुडाला, विनायका.’ पाण्यावर मात्र त्याला हसता आलं नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये एका लग्नात तो पाहुण्यांच्या आग्रहाला बळी पडला. सरबत, मठ्ठा, पाणी. दुसऱ्या दिवशी त्याला आडवं होता येईना. उशीला टेकून बसलेला, श्वासागणिक खांदे वर जाणारे, बोलताना तीन शब्दांनंतर थांबणारा... सुमनवहिनी दाराशी उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या. त्यातून निभावल्यावर त्याने मला बोलावलं आणि माझ्यापुढे शाळेची एक शंभर पानी वही टाकली. ‘सुमनले माह्यासमोर नाही म्हणता येत नाही. मले स्वतःले म्हणता येत नाही. तुले येते. तू लिहीत जाय.’

तेव्हापासून ती वही माझ्याकडे. मी स्टीलचा एक पेला घेतला, कचेरीतल्या मोजपात्राने सव्वाशे मिली पाणी त्यात ओतलं आणि त्या उंचीवर खिळ्याने आतून ओरखडा काढला. असे सहा पेले म्हणजे दिवस. दिवसाचे आकडे वहिनी कॅलेंडरवर टिपायच्या आणि संध्याकाळी कचेरीतून येताना मी ते वहीत उतरवायचो. पाच महिन्यांत एकही दिवस गाळला नाही. लोक यायचे आणि म्हणायचे, ‘घोटभर पाण्यानं काय होते?’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं याची नोंद ठेवली नाही याचं आज वाईट वाटतं. एप्रिलमधली ती सकाळ त्यांच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. आपण उदार दिसायचं आणि परिणाम दुसऱ्याने भोगायचे, यापरतं स्वस्त औदार्य नाही.

खरी पंचाईत असायची ती बाहेर गेल्यावर. आजारामुळे लोकांचं येणं कमी झालं म्हणून हिरामणने स्वतः जायला सुरुवात केली होती. दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून तो दोन-तीन घरं करायचा : जुने विद्यार्थी, शाळेतले सोबती, नात्यातले. आपल्याकडे माणूस उंबऱ्यात आला की आधी पाण्याचा पेला पुढे येतो, बोलणं नंतर. तो पेला परत पाठवला तर घरातल्या बाईचा चेहरा उतरतो. का नको, ते सांगायचं म्हणजे प्रत्येक घरात आजाराची कथा. हिरामणला ती कथा सांगण्याचा तिटकारा होता. तो पेला घ्यायचा, ओठाला लावायचा, त्याचा कंठ हलायचा आणि ‘थंडगार हाय माय तुमचं पाणी,’ असं म्हणून तो पेला खाली ठेवायचा. मी शेजारी बसलेलो असायचो. स्टीलच्या पेल्यात आत किती उरलं ते दिसत नसे. कंठ एकदाच हलला म्हणजे एक घोट, मोठ्या माणसाचा मोठा घोट. मी धरून चाललो पन्नास मिली. संध्याकाळी वहीत लिहायचो, ‘बाहेर, घरे ३, १५०,’ आणि तेवढं त्याच्या वाट्यातून कमी व्हायचं. त्याने कधी हरकत घेतली नाही. डायलिसिसच्या आधी वजन करतात, त्यावरून अंगात साचलेलं पाणी कळतं. काट्यावरचं वजन माझ्या वहीपेक्षा जराशी कमी वाढ दाखवायचं. मी टेक्निशियनला म्हटलं होतं, काटा एकदा तपासून घ्या.

आता त्या पुस्तकाबद्दल. डायलिसिस चार तास चालतं. डाव्या हातात दोन सुया, हात हलवायचा नाही, म्हणजे पुस्तक धरता येत नाही. तेव्हा कॉलेजातली पद्धत पुन्हा सुरू झाली. बुधवारी अर्धी रजा आणि शनिवारी सुट्टी, अशा बैठकी जमवून मी वाचायचो. ऑगस्टअखेरीस आधीचं पुस्तक संपलं तेव्हा वाचनालयातून नवं मीच आणलं. भाषांतरित कादंबरी, चारशे बारा पानं. दर बैठकीला सव्वीस-सत्तावीस पानं होतात, म्हणजे सोळा बैठका, म्हणजे बरोबर आठ आठवडे. मुखपृष्ठावर समुद्र होता आणि माणूस भूगोलाचा होता. मी एवढाच विचार केला. कादंबरी तहानेवर आहे हे दुसऱ्या प्रकरणात कळलं. ज्या माणसाच्या पाण्याचे थेंब मी मोजत होतो त्याच्यापुढे बसून मी तहानेची गोष्ट वाचायला आणली होती. मी पुस्तक मिटलं. हिरामण म्हणाला, ‘वाच, वाच. पाहू त, याले किती येते ते.’

कादंबरीचं नाव मी देत नाही. ज्याला चारशे बारा पानं वाया घालवायची असतील त्याने आपली आपण शोधावी. एका व्यापारी जहाजावरचा अधिकारी, जहाज बुडतं, आणि तो रबरी तराफ्यावर एकटा उरतो. सोबत पाण्याचे दहा डबे, प्रत्येकी अर्ध्या लिटरचे. चौसष्टाव्या पानावर तो ठरवतो की रोज एक डबा प्यायचा, अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. इथवर ठीक. पण तिसऱ्या दिवशी हा गृहस्थ पायाची जखम धुवायला एक अख्खा डबा वापरतो आणि भोवती मैलोगणती पाणी असताना त्याचा लेखक त्याला अडवत नाही. पाचव्या दिवशी चंद्र उगवतो. त्या चंद्राशी तो अकरा पानं बोलतो. मोजून अकरा.

हिरामणच्या शेजारच्या खाटेवर पांढरकवड्याचे उस्मानभाई असायचे. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती आणि आता आमच्यासारख्याच वारी त्यांचंही डायलिसिस होतं. पहिल्या बैठकीला ते डोळे मिटून पडून होते. चंद्राच्या अकरा पानांनंतर डोळे न उघडता म्हणाले, ‘सरजी, या आदमीले प्यास लागलीच नाही. प्यास लागली की जबान तोंडाले चिपकते. इतकं बोलून कसा राह्यला?’ त्यानंतर तेही श्रोते झाले आणि मला वाचणं अवघड झालं. नायक तहानेने कळवळून ढसाढसा रडला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘रडाले पाणी कुठून आणलं यानं?’ टेक्निशियन हसायला लागली. हसताना हिरामणचा हात हलला आणि मशीनने आवाज केला.

हिरामणची तुच्छता वेगळ्या जातीची होती. मी आकडे पकडायचो, उस्मानभाई खोटं पकडायचे. तो काही वेळ गप्प राहायचा आणि मग एकच वाक्य टाकायचा. नायकाला ग्लानीत प्रेयसीचे डोळे दिसतात, त्या डोळ्यांत त्याला झरे दिसतात, असं दोन पानं चालतं. ते संपल्यावर हिरामण म्हणाला, ‘बाजूले माठ ठेवून, पंख्याखाली बसून लिहेल हाय हे.’ मग बऱ्याच वेळाने, छताकडे बघत त्याने सांगितलं की त्याच्या स्वप्नात शाळेची टाकी येते. तिची तोटी सहा वर्षं गळत होती, त्याने मुख्याध्यापकांना चारदा अर्ज दिले होते. स्वप्नात ती तशीच गळते आणि खाली कोणी बादली ठेवलेली नसते. ‘मी पेत नाही सपनात. नुसता उभा राह्यतो अन् बादली हुडकतो.’ उस्मानभाई म्हणाले, ‘मले धाब्यावरचा पाण्याचा जग दिसते. रोज. तोच.’ मी पुढची ओळ वाचली. ती पुन्हा डोळ्यांबद्दलच होती आणि वाचताना मला त्या लेखकाची इतकी किळस आली की मी सात ओळी गाळल्या. पस्तीस वर्षांत गाळलेल्या त्या पहिल्या ओळी.

शेवटचा शनिवार ही आमची आठवी बैठक. दोनशे तेराव्या पानावर चौदाव्या दिवसाची संध्याकाळ आली. नायकाने त्या दिवसाचा डबा संपवला आणि उरलेले तीन डबे छातीशी धरले. मी तिथेच थांबलो. मधे पाऊस पडलेला नव्हता, ते मी मागची पानं उलटून पाहिलं. रोज एक याप्रमाणे चौदा डबे प्यायला, एक जखमेला गेला, तीन शिल्लक. एकूण अठरा. सुरुवातीला होते दहा. ‘आठ डबे कुठून आले?’ मी विचारलं. मला खरोखर संताप आला होता. ज्या एका गोष्टीवर माणसाचं जगणं-मरणं टांगलेलं आहे तीच ज्याला मोजता येत नाही, त्याने चंद्रावर पानं लिहू नयेत. अशा नोंदी मी धरणाच्या केल्या असत्या तर घरी बसलो असतो. उस्मानभाई म्हणाले, समुद्रात टँकर आला असेल. मी लेखकाला, भाषांतरकाराला आणि छापणाऱ्याला, तिघांनाही बोललो.

हिरामण ऐकत होता. नेहमीसारखं त्याचं एक वाक्य येईल म्हणून मी थांबलो. तो म्हणाला, ‘असू दे ना बे. लेखकाले दया आली असन.’

‘दयेनं डबे वाढत नाहीत,’ मी म्हणालो.

तो हसला. ‘तुह्याकडून तर नाहीच वाढत.’ एवढ्यात चार तास संपले, टेक्निशियन सुया काढायला आली आणि मी दोनशे तेराव्या पानात चिठ्ठी घालून पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही तीन घरं केली. शेवटचं घर त्याच्या एका विद्यार्थिनीचं होतं. तिला मुलगी झाली होती. तिन्ही ठिकाणी पेला पुढे आला, तिन्ही ठिकाणी कंठ हलला, तिन्ही ठिकाणी पाणी थंडगार होतं. सातच्या सुमारास त्याला घरी सोडलं, वही काढली. घरातलं दिवसभराचं सहाशे, बाहेरचं दीडशे. बेरीज साडेसातशे. तो खाटेवर बसला, चष्मा काढला, जिभेने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मी पाहिला. म्हणाला, ‘विनायका, एक पेला दे.’ मी वही त्याच्याकडे वळवून दाखवली. त्याने पाहिलीसुद्धा नाही. ‘नसंन वहीत त राहू दे,’ म्हणाला. मी म्हटलं, सकाळी उठल्या उठल्या पहिला पेला तुझाच. त्याने मान हलवली आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, ‘त्या तराफ्यावाल्यापाशी किती राह्यले म्हणलं?’ तीन, मी म्हणालो. ‘मजा हाय लेकाची,’ तो म्हणाला... आमचं शेवटचं बोलणं हे. सोमवारी मी दिवसभर धरणावर होतो, त्या दिवसाचे आकडे वहिनींनी फोनवर सांगितले. मंगळवारी नळ आला.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, या आजारात पडतं, पाणी कमी-जास्त झाल्याशी त्याचा संबंध नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. घरात त्याच्या तोंडात पाणी घालायला माणसं रांगेने आली. एप्रिलपासून घोटभर पाण्यानं काय होते म्हणणारे सगळे त्या रांगेत होते आणि आता खरोखरच काही होणार नव्हतं. घाटावर मुलाच्या खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं देतात, त्याला मागून भोक पाडतात आणि तो फेऱ्या मारतो. मडकं आठ लिटरचं तरी असेल. साडेसातशेच्या हिशेबाने हिरामणचे जवळपास अकरा दिवस. ते सगळं मातीत गेलं. मला तिथे उभं राहून भागाकार सुचला याची लाज वाटली, पण सुचला हे खरं आहे.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी मला बसवलं, पाण्याचा पेला आणून ठेवला. मी त्यांना म्हटलं, वही परत आणली आहे, पाच महिन्यांची पूर्ण आहे, मुलाला दाखवा, त्याच्या वडिलांनी किती नेटाने पाळलं ते. वहिनी वही चाळू लागल्या. ‘बाहेर’ या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी विचारलं, हे वाट्यातून का वजा केलं? मी सांगितलं.

‘भाऊजी, ते बाहेर पाणी पेतच नव्हते,’ त्या म्हणाल्या. ‘नुसतं ओठाले लावत. थुंकी गिळत. घरी येऊन मले सांगत, आज तिघींची मनं राखली म्हणून.’

मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही? मी त्याच्या देखत लिहीत होतो.

‘मी म्हणलं होतं त्याईले, सांगा म्हणून. तर म्हणे, राहू दे. त्याचा हिशेब जुळला की तो शांत झोपते. मी मेलो तर त्याले वाटाले नको की आपण कुठं चुकलो.’

वही तशीच परत घेऊन मी घरी आलो. मला असं नुसतं ऐकून चालत नाही. स्टीलचा पेला घेतला, मोजपात्राने बरोबर दोनशे मिली भरला, ओठाला लावला, कंठ हलवला, खाली ठेवला. असं दहा वेळा केलं. मग पेला पुन्हा मोजपात्रात ओतला. दोनशे. रेष हलली नव्हती. वजनाचा काटा बरोबर होता.

मग वही घेऊन बसलो आणि पाच महिन्यांतल्या ‘बाहेर’च्या नोंदी मोजल्या. घरं एकसष्ट. पन्नासप्रमाणे तीन हजार पन्नास मिली. तीन लिटर आणि वर पन्नास. हे पाणी त्याच्या वाट्याचं होतं, डॉक्टरांनी दिलेलं होतं, आणि ते मी त्याला दिलं नाही. त्या प्रत्येक नोंदीवर लाल रेघ मारून बाजूला शून्य लिहिलं आणि प्रत्येक दिवसाची बेरीज दुरुस्त केली. शेवटच्या रविवारची नोंद आता अशी आहे : घरी ६००, बाहेर ०, शिल्लक १५०. म्हणजे त्याने मागितलेला तो एक पेला आणि वर पंचवीस मिली.

कादंबरीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ती भिकार आहे. लेखकाला तहान ठाऊक नाही, चंद्र आवरत नाही आणि बेरीज येत नाही. त्याची चूक आठ डब्यांची, चार लिटरची आहे. माझ्या चुकीपेक्षा साडेनऊशे मिलीने मोठी. पण त्याची चूक त्याच्या माणसाच्या बाजूने पडली.

पुस्तक अजून माझ्याच कार्डावर आहे. दोनदा मुदत वाढवून घेतली. वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, इतकं आवडलं का? मी नाही म्हणालो. दोनशे तेराव्या पानातली चिठ्ठी तिथेच आहे आणि राहिलेली एकशे नव्व्याण्णव पानं मी वाचणार नाही, कारण एकट्याने पुढे जायचं नाही असं ठरलेलं आहे. कपाटात त्या पुस्तकाशेजारी आतून ओरखडा असलेला पेला ठेवला आहे. दुरुस्त केलेली वही पोचवली तेव्हा वहिनींनी तो तिच्या बदल्यात मला देऊन टाकला. तराफ्यावरचा तो माणूस चौदाव्या दिवसाच्या संध्याकाळी थांबलेला आहे. थांबू दे. त्याच्यापाशी तीन डबे आहेत.